हरकत आहे? नोंद घेतली!

केंद्र सरकारला सह्याद्रीतल्या माणसांचं मत अधूनमधून हवंसं वाटतं. 10 मार्च 2014 ला वाटलं, 4 सप्टेंबर 2015 ला वाटलं, मग 27 फेब्रुवारी 2017, 3 ऑक्टोबर 2018, 6 जुलै 2022 आणि 31 जुलै 2024. या सहा दिवशी पश्चिम घाटाचं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. प्रत्येक मसुद्यात एक प्रेमळ ओळ असतेच: कुणाची हरकत किंवा सूचना असेल त्याने साठ दिवसांत कळवावी, सरकार तिचा विचार करील. एका मसुद्याची मुदत संपायची, मग पुढचा निघायचा, मग तीच हरकत नव्या तारखेने पुन्हा पाठवायची. सहा गुणिले साठ म्हणजे तीनशे साठ दिवस. दहा वर्षांतलं जवळपास एक वर्ष नुसतं ऐकण्यात घालवणारं दुसरं सरकार जगात दाखवा.

हरकत कुठे पाठवायची? इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग रोड, नवी दिल्ली. कोयनेच्या काठावरून जोरबागला पत्र पाठवायचं. विषय काय, तर पत्र लिहिणाऱ्याच्या घरामागचा डोंगर.

सहाव्या मसुद्याची तारीख पुन्हा एकदा वाचा. 31 जुलै 2024. आदल्याच दिवशी, 30 जुलैच्या पहाटे, वायनाडमध्ये डोंगर खाली आला आणि शेकडो माणसं गेली. तिथल्या वैथिरी तालुक्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या श्रेणीत ठेवा, असं गाडगीळ समितीने 2011 मध्येच सांगून ठेवलं होतं. सरकारचं म्हणणं, मसुद्याचा आणि दरडीचा संबंध नाही, आधीची मुदत संपली म्हणून नवा काढला. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. संबंध असता तर मसुदा इतक्या लवकर निघालाच नसता.

आधी लपवा, मग विचारा

या सगळ्या लोकसहभागाची सुरुवात कशी झाली ते नव्या वाचकांना सांगायला हवं. जुन्यांना पाठ आहे, पण त्यांनी पुन्हा वाचल्यास हरकत नाही. (असल्यास साठ दिवसांत कळवावी.)

मार्च 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ समिती नेमली. समितीने 31 ऑगस्ट 2011 ला अहवाल दिला. गुजरातपासून तामिळनाडूपर्यंत सहा राज्यांतल्या सव्वा लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या डोंगररांगेच्या तीन श्रेणी केल्या होत्या, आणि कुठे काय चालेल, काय चालणार नाही, याची शिफारस होती. पण या श्रेणी अंतिम नाहीत, त्या ग्रामसभांपुढे ठेवा, लोकांशी बोला, मग ठरवा, असं समितीचं स्पष्ट म्हणणं होतं. नद्यांची लहान लहान पाणलोट क्षेत्रं आणि गावांच्या शिवा धरून, खालून वर असा हा आराखडा बांधत न्यायचा होता.

एवढं वाचल्यावर मंत्रालयाने अहवाल कपाटात ठेवला. लोकांना विचारा असं सांगणारा अहवाल लोकांना दाखवायचा नाही, ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली त्याला पद्म पुरस्कार द्यायला हवा होता. केरळातल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात अहवाल मागितला. मंत्रालय म्हणालं, तो उघड केला तर देशाच्या आर्थिक हिताला बाधा येईल. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल 2012 मध्ये सांगितलं, द्या. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयही म्हणालं, द्या. तेव्हा कुठे मे 2012 मध्ये अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अवतरला, तोही इंग्रजीत. सोबत टीप: हा अहवाल सरकारने स्वीकारलेला नाही. आणि टिपेखाली विनंती: 45 दिवसांत मत कळवा.

लपवण्यात जवळपास नऊ महिने आणि वाचून मत देण्यासाठी दीड महिना. त्या दीड महिन्यात भोर, वेल्हे, पाटण, शाहूवाडीच्या लोकांनी इंग्रजी शिकावं, जाडजूड अहवाल वाचावा, नऊ किलोमीटर लांब आणि नऊ किलोमीटर रुंद चौकोनांच्या नकाशात आपली वाडी हुडकावी आणि दिल्लीला पत्र धाडावं. दरम्यान भाताची लावणी होतीच.

ज्या गावाने अहवाल पाहिला नाही त्या गावात अहवाल कसा पोहोचतो? अफवेच्या पायांनी. घर बांधता येणार नाही. गुरं राखता येणार नाहीत. विहीर खणायला दिल्लीची परवानगी. तुम्हाला उठवणार आणि वाघ आणून सोडणार. पुढाऱ्याला आणखी काय हवं? केरळात हरताळ झाले. इडुक्कीत गाडगीळ अहवालाची बाजू घेणाऱ्या खासदार पी. टी. थॉमस यांची जिवंतपणी प्रतीकात्मक अंत्ययात्रा निघाली. आपल्याकडे इतकी हौस नाही. आपल्याकडे पालकमंत्री सभेत सांगतात की कोकणाच्या विकासाच्या आड कुणाला येऊ देणार नाही, आणि टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत डोंगरालगतची जमीन विकायला काढलेलेही असतात आणि ती घ्यायला आलेलेही.

जे गाव ‘हो’ म्हणालं

आता एक अवघड गोष्ट. अवघड सरकारसाठी.

गाडगीळ समितीकडे सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांचे ठराव आले होते. ठराव काय, तर आमच्या गावाला संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा. पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. सगळ्या पुढाऱ्यांच्या मते कोकणातला माणूस ज्या गोष्टीला घाबरून थरथरतो, तीच गोष्ट या पंचवीस गावांनी स्वतःहून मागितली. ही गावं सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांच्या पट्ट्यातली. तिथे लोहखनिजाच्या खाणी येऊ घातल्या होत्या. कळणे गावात एक आलीच होती. डोंगर फोडला की झरे जातात, झरे गेले की सुपारी-नारळाच्या बागा जातात, हे समजायला त्यांना परिसरशास्त्राची पदवी लागली नाही. शेजारी गोव्यात खाणीखाली गेलेली गावं त्यांना दिसत होती आणि त्यातल्या बऱ्याच गावांत त्यांचे सोयरे राहत होते.

लोकसहभाग म्हणजे काय याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही. ग्रामसभा बसली, बोलली, ठराव केला, सह्या केल्या, पाठवला. पुढे काय झालं?

पुढे दुसरी समिती आली. गाडगीळ अहवाल फार कडक आहे अशी सगळीकडून ओरड झाल्यावर ऑगस्ट 2012 मध्ये डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला गेला. कस्तुरीरंगन मोठे अवकाशशास्त्रज्ञ, इस्रोचे माजी अध्यक्ष. त्यामुळे सह्याद्रीकडे पाहण्याची जागा ओघानेच बदलली. उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग झाले, एक नैसर्गिक आणि एक सांस्कृतिक. माणूस, शेती, बागा जिथे, तो सांस्कृतिक. संरक्षण उरलेल्याला. म्हणजे घाटाचा साधारण 37 टक्के भाग, सुमारे साठ हजार चौरस किलोमीटर. ज्या गावाची वीस टक्के किंवा त्याहून जास्त जमीन उपग्रहाला हिरवी आणि सलग दिसली ते अख्खं गाव आत, नाही दिसली ते बाहेर.

आणि दोडामार्ग तालुका? बाहेर. अख्खा. ज्यांनी मागितलं त्यांना वगळलं आणि ज्यांना विचारलंही नव्हतं त्यांना घेतलं. पाणी डोंगरावरून खाली येताना कुठला भाग नैसर्गिक आणि कुठला सांस्कृतिक हे पाहून येत नाही. तिथल्या तिलारी नदीचं पाणी तर राज्याची हद्दसुद्धा पाहत नाही. पण उपग्रहाला ग्रामसभेचा ठराव वरून दिसत नाही, हेही खरं. स्थानिक लोकांना आर्थिक निर्णयांत स्थान नाही अशी भूमिका तुम्ही घेता, मग राज्यघटनेच्या 73 आणि 74 व्या दुरुस्तीचं काय करायचं, असं गाडगीळांनी 2013 मध्ये कस्तुरीरंगन यांना खुलं पत्र लिहून विचारलं होतं. चांगलं पत्र होतं. नोंद घेतली गेली असणार.

कळण्याच्या खाणीचंही सांगून टाकू. जुलै 2021 च्या पावसात खाणीत साचलेलं पाणी बांध फोडून गावात शिरलं. घरं, बागायती, रस्ते, सगळीकडे खाणीतला लाल चिखल. ज्या लोकांनी सुरुवातीपासून खाणीला विरोध केला होता त्यांच्याच अंगणात. आणि सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची अधिसूचना काढा, हे शेवटी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ग्रामसभेचं म्हणणं सरकारला न्यायमूर्तींच्या आवाजात जास्त नीट ऐकू येतं.

गणपूर्तीची आवश्यकता नाही

डोंगराला हात घालणाऱ्या प्रकल्पासाठी आपल्याकडे जनसुनावणी असते. 1997 पासून आहे. आताची पद्धत 2006 च्या अधिसूचनेतली. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा प्रतिनिधी अध्यक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजक, तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात, सगळ्याचं चित्रीकरण. कागदावर झकास. त्याच अधिसूचनेच्या परिशिष्टात एक ओळ आहे: सुनावणी सुरू करण्यासाठी गणपूर्तीची आवश्यकता नाही.

आता ग्रामपंचायतीचा कायदा काढा. महाराष्ट्रात साध्या ग्रामसभेला गावातल्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यापैकी जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. ते जमले नाहीत तर सभा तहकूब. (तहकूब सभेला मात्र कोरम लागत नाही, आणि कुठल्या सभेला तहकूब होऊ द्यायचं हे सरपंचाला कळतं, पण ते पुराण पुन्हा कधी.) म्हणजे घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी वाचायची तर शंभर माणसं हवीत. आणि डोंगर कायमचा फोडायचा तर मंडप, माइक, कॅमेरा आणि साहेब पुरे.

जनसुनावणीला गेला नसाल तर एकदा जाऊन या. मंडप प्रकल्पवाल्यांचा, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, पाण्याच्या बाटल्या, पुढच्या दोन रांगांत आजवर गावात कधी न दिसलेले तरुण, सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे. आधी पडद्यावर चित्रफीत, तीत कंपनीने लावलेली झाडं. मग सल्लागार बोलायला उठतो. तो इंग्रजीत विचार करतो आणि मराठीत वाचतो. ‘सदर प्रकल्पामुळे जलस्रोतांवर लक्षणीय विपरीत परिणाम अपेक्षित नाही.’ मागून एक म्हातारा उठतो.

‘साहेब, आमच्या पऱ्याचं नाव यात नाही.’

‘काका, कुठला पऱ्या?’

‘तुमी जिथं खड्डा काढनार, तितनंच निघतो तो.’

‘तो हंगामी प्रवाह आहे. अहवालात हंगामी प्रवाह धरलेले आहेत.’

‘हंगामी न्हाय. मे म्हैन्यात बाया तितंच पानी भरत्यात.’

‘ठीक आहे काका, तुमचा मुद्दा नोंदवून घेतला.’

सुनावणी संपली. इतिवृत्तात मुद्दा क्रमांक अमुक: स्थानिक ग्रामस्थाने पाण्याबाबत शंका उपस्थित केली. प्रकल्प प्रस्तावकाने समाधानकारक खुलासा केला. पंगत उठल्यावर वाढप्याने मीठ कमी झालंय का विचारावं, तशी ही चौकशी.

आणि समजा मंडपात फारच आरडाओरडा झाला तर? अधिसूचना त्याचीही सोय करते. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी मत मांडता येणार नाही असं अधिकाऱ्यांनी कळवलं, तर जनसुनावणी न घेताही पुढे जाता येतं. लोक शांत असतील तर ऐकण्यासारखं काही नाही, अशांत असतील तर ऐकण्यासारखी परिस्थिती नाही. शिवाय कित्येक बाबतींत सुनावणी लागतच नाही. बांधकाम प्रकल्प आणि टाउनशिप यातून सरसकट मोकळ्या आहेत. डोंगराच्या पोटात शहर वसवायचं असेल तर खालच्या खोऱ्यातल्या माणसाला विचारण्याची सक्ती नाही.

लोक एकत्र आले तर काय करायचं, याचाही एक दाखला गाडगीळ समितीच्या अहवालातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या रासायनिक वसाहतीचं पाणी दाभोळच्या खाडीत जात होतं, मासे मरत होते, भोई समाजाचा धंदा बसत होता. याच जिल्ह्यात 28 ऑगस्ट 2007 ते 21 ऑक्टोबर 2009 या काळात पोलीस कायद्याखाली तब्बल 191 दिवस जमावबंदी होती. लोकसहभागाचं धोरण असं की लोकांनी सहभागी व्हावं, पण एका वेळी चौघांपेक्षा जास्त नको.

ते जाऊ द्या, निदान मसुदा तरी आपल्या भाषेत मागावा म्हटलं, तर तेही केंद्र सरकारला परवडत नाही. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, टाळेबंदीच्या दिवसांत. आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांत त्याचं भाषांतर करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. सरकार भाषांतर करायला बसलं का? सर्वोच्च न्यायालयात गेलं.

महाबळेश्वरचं नवं आणि जुनं

गावकरी संवेदनशील या शब्दाला का भितात, याचं सगळं खापर अफवांवर फोडून चालणार नाही. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या लोकांनी गाडगीळांपुढे काय गाऱ्हाणं मांडलं? नियम आले आणि नियमांबरोबर नियम दाखवून हात पसरणारेही आले. स्वतःच्या शेतात विहीर खणायची तरी कुणाचा तरी खिसा भरायचा. दरम्यान हॉटेलांचे मजले चढतच राहिले, कारण हॉटेलवाल्याला कायद्याची भाषा येते, स्ट्रॉबेरीवाल्याला नाही. वरून लादलेलं संरक्षण खाली पोहोचेपर्यंत त्याचा दर ठरलेला असतो. म्हणूनच गाडगीळ ग्रामसभेचं नाव पुन्हा पुन्हा घेत होते. शहरातल्या काही पर्यावरणप्रेमींना तो त्यांचा भोळेपणा वाटायचा. मला तो त्यांचा व्यवहार वाटतो. चोवीस तास डोंगरावर लक्ष ठेवणारा पगारी माणूस परवडत नाही. बिनपगारी आधीच तिथे राहतो.

आता त्याच सातारा जिल्ह्यात नवीन महाबळेश्वर होऊ घातलंय. सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतली 235 गावं, 1,153 चौरस किलोमीटर. कोयनेचं पाणलोट क्षेत्र, शेजारी कास, कोयना अभयारण्य. यातलं कास आणि कोयना अभयारण्य 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. या सगळ्याचा आराखडा करायला विशेष नियोजन प्राधिकरण कोण? राज्य रस्ते विकास महामंडळ. डोंगर, झरे, देवराया आणि गवे यांचं नियोजन रस्तेवाल्यांकडे, हे योग्यच झालं. त्यांच्याइतका डोंगर जवळून कुणी पाहिलाय? आराखड्याच्या प्रारूपावर हरकती-सूचना मागवल्या तेव्हा आणखी 294 गावं प्रकल्पात घेण्याचंही चाललंच होतं. आधीच्या गावांचं म्हणणं वाचून संपलं असेल, म्हणून नवे वाचक शोधले.

राज्य सरकारांचं एक बरं असतं. केंद्राने गावं संवेदनशील यादीत घातली की राज्य म्हणतं, लोकांना विचारलं नाही, लोकांचा विरोध आहे, गावं कमी करा. तेच राज्य स्वतः प्रकल्प आणतं तेव्हा लोकांचा विरोध हा गैरसमज असतो. कर्नाटकाने तर सप्टेंबर 2024 मध्ये कस्तुरीरंगन अहवाल मंत्रिमंडळात सरळ फेटाळला. त्या अहवालावर बेतलेल्या मसुद्यात सर्वांत जास्त क्षेत्र त्यांचंच, वीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक. दुसरा नंबर आपला, 17,340. आपण फेटाळत नाही. आपण अभ्यास करतो.

आणि शनिवार-रविवारी मुळशी, पवना, कामशेत गाठणाऱ्या माझ्यासारख्या पुणेकरांनी फार हसू नये. सह्याद्री वाचवा या मागणीवर आपली सही पहिली असते, आणि डोंगर कापून निघालेल्या एन.ए. प्लॉटवर बुकिंगही. आपल्या मते संवेदनशील क्षेत्र म्हणजे आपला बंगला बांधून झाल्यानंतर उरलेला डोंगर.

वही कुठाय?

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावातल्या झाडा-झुडपांची, पाण्याची, लोकांच्या ज्ञानाची नोंदवही करायला हवी. बरीच वर्षं कुणाला आठवण नव्हती. मग हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 पर्यंत काम पुरं करा, नाहीतर राज्याने महिना दहा लाख भरावेत, असा दम दिला. एकाएकी राज्यात अठ्ठावीस हजारांवर समित्या झाल्या आणि वह्यांचे ढीग लागले. तुमच्या गावच्या समितीचा अध्यक्ष कोण, विचारून पाहा. तो तुम्हालाच विचारील.

ठेकेदाराकडून भरून घेतलेल्या वह्यांत पिंपळ, वड, आंबा असतो, कारण तो कुठेही असतो. वरच्या अंगाला जमीन कुठे भेगाळते, पावसाळ्यात कुठल्या बाजूने पाणी फुटतं, हे असत नाही. ते माहीत असणाऱ्याला कुणी विचारलंच नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री जी इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. तळिये 2021 ला गेलं, माळीण 2014 ला. प्रत्येक वेळी अहवाल आला, समिती आली, यादी नव्याने झाली. यादी करणारा खालून वर बघतो आणि मुक्कामाला तालुक्याला परततो.

लोकांना विचारून काही होत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. होतं, म्हणून तर विचारत नाहीत. गोव्याने 2006 मध्ये प्रादेशिक आराखडा 2011 जाहीर केला, डोंगरउतार आणि शेतं बांधकामाला मोकळी झाली, लोक रस्त्यावर आले आणि 2007 मध्ये आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा 2021 चा आराखडा करताना नकाशे पंचायतींकडे गेले, गावागावांत बैठका झाल्या, दुरुस्त्या झाल्या. गाडगीळ समितीने त्याचं कौतुक केलं. 2012 मध्ये नवं सरकार आलं आणि लोकांनी केलेला आराखडा स्थगित झाला. मग 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम घालून जमिनीचा वापर तुकड्या-तुकड्याने बदलायची सोय झाली. त्याखालचे नियम 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. लोक अजून बैठका घेतातच आहेत.

ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइट हवं होतं. तिथून वंशधारा आणि नागावली नद्यांना पाणी मिळतं आणि डोंगर हा डोंगरिया कोंधांचा देव. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. राज्याने मोजून बारा गावं निवडली, निवडताना काय हिशेब केला असेल ते ओळखा. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. खाण झाली नाही. त्यानंतर असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर का झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तर वाचकहो, तुमचं गाव घाटात असेल, किंवा घाटातल्या नदीचं पाणी पीत असेल, तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर यापैकी जी ग्रामसभा आधी येईल तिला झेंडावंदन झाल्यावर जिलेबी खाऊन घरी जाऊ नका. शहरात असाल तर गावाकडच्या भावाला फोन करा. गट नंबरासकट मराठी नकाशा मागा. गावातल्या प्रत्येक झऱ्याचं, ओढ्याचं आणि पऱ्याचं नाव त्यावर घालायला लावा. काय हवं, काय नको, तो ठराव तोंडी ठेवू नका. ग्रामसेवकाकडून इतिवृत्तात लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका. एक प्रत जिल्हाधिकाऱ्याला, एक जोरबागला, मराठीतच पाठवा. भाषांतर करण्याची पाळी एकदा त्यांच्यावर येऊ द्या. आणि पोचपावती जपून ठेवा. पुढच्या मसुद्याला लागेल.